लहान मुलांचा क्लास: शाळेचा गृहपाठ करून घ्यायचा की शिकवायचं? (कोल्हापूर)

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत पहिली ते सातवीचा क्लास आहे. दोन खोल्या, संध्याकाळी साडेचार ते आठ, दोन शिक्षिका आणि एक मदतनीस. मुलं मराठी माध्यमाची, सेमीची आणि थोडी सीबीएसईची.

मुख्य प्रश्न गृहपाठाचा. पालक दारात येतात ते एकच वाक्य घेऊन: "मॅडम, तेवढा शाळेचा अभ्यास करून पाठवा." सात-आठ शाळांच्या डायऱ्या आणि प्रत्येकीत वेगळंच. एकाला स्पेलिंग दहा वेळा, दुसऱ्याला परिसर अभ्यासाची प्रश्नोत्तरं, तिसरीला तक्ता करायचाय. दीड तास त्यातच जातो आणि ज्याला जूनमध्ये वजाबाकी येत नव्हती त्याला मार्चमध्येही येत नाही. गृहपाठ घेत नाही म्हटलं की पालक नाराज. घेतला की घटक चाचणीत मार्क का नाहीत म्हणून परत नाराज.

शिवाय बॅच कशी लावायची आणि फी वेळेवर कशी यावी, हेही आहेच. जूनपासून नव्यानं घडी बसवायची आहे. "पालकांना प्रेमानं समजवा" एवढंच नको, कसं ते सांगा.

गणितवेडी

गृहपाठ नाकारू नका, त्याला चौकट घाला. नव्वद मिनिटांची बॅच असेल तर पहिली दहा मिनिटं पाढे आणि तोंडी गणितं, पुढची पस्तीस शिकवणं, पंचवीस सराव आणि शेवटची वीस डायरीला. या वीस मिनिटांत फक्त अडलेली गणितं आणि न समजलेले प्रश्न. दहा वेळा लिहायचं स्पेलिंग, तक्ते, चित्रं चिकटवणं हे घरी. गाईडमधून उत्तरं उतरवणं क्लासमध्ये बंद.

ज्या मुलाचा गृहपाठ रोज अडतो ते मूल बहुतेक वेळा आपल्या इयत्तेच्या दोन इयत्ता मागं असतं. पाचवीच्या मुलाला छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज जमत नाही, कारण सहा-सात-आठचे पाढे कच्चे आणि समान छेद करणं डोक्यात बसलेलं नाही. तुम्ही शेजारी बसून ती बेरीज करून दिलीत की डायरीवर सही होते आणि भोक झाकलं जातं. म्हणून प्रवेश देतानाच वीस मिनिटांची चाचणी घ्या, तीही दोन इयत्ता खालची.

चाचणीत ४०२ − १७८ हे एक गणित असूच दे. बरोबर उत्तर २२४. चुकीचं काय येतं ते बघा. ३७६ आलं तर मूल प्रत्येक स्थानावर मोठ्यातून लहान वजा करतंय, म्हणजे हातचा मुळातच कळलेला नाही. ३२४ आलं तर शून्याचे नऊ केले पण शतकातला एक कमी केला नाही. २३४ आलं तर शतकातून दहा दशक आणले, पण त्यातला एक दशक एककाला दिल्याचं विसरलं. तिघांचंही गणित चूकच, पण शिकवायचं तिघांना वेगळं. वहीवर नुसती फुली मारली तर यातलं काहीच दिसत नाही.

भाषेसाठी खालच्या इयत्तेच्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्यानं वाचून घ्या. जोडाक्षरावर थांबतंय की ओळ सुटतेय, दोन मिनिटांत कळतं.

मंगळवारपेठकर

गणितवेडी ताई, चाचणीचं एकदम मान्य. पण गृहपाठाला वीस मिनिटं हे कागदावर ठीक. ज्या घरात आईबाप दोघं कामाला जातात, किंवा आईला सेमीचं विज्ञान वाचताच येत नाही, तिथं डायरी पुरी करणारं क्लासशिवाय कोण आहे? डायरी अपुरी राहिली की पोरगं शाळेत उभं राहतं. ते रोज उभं राहायला लागलं की त्याचं शाळेवरनं मनच उडतं. पालक फी त्याचीच देतोय, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

माझं म्हणणं, दोन गोष्टी वेगळ्या विका. एक 'अभ्यास बैठक': एक तास, कॉलेजची एखादी मुलगी देखरेखीला, सगळ्या इयत्ता एकत्र, फी कमी. दुसरा 'वर्ग': तिथं शिकवणं, तिथं डायरी उघडायची नाही. पालकाला काय पाहिजे ते त्यानं ठरवावं, दोन्ही पाहिजे असेल तर दोन्हीची फी. एकाच दीड तासात दोन्ही कोंबायला गेलं की कुठलंच नीट होत नाही.

गणितवेडी

बैठकीची कल्पना चांगली आहे. भीती एवढीच की कच्ची मुलं स्वस्त बैठकीत जातील आणि हुशार मुलं वर्गात. ज्याला शिकवायची गरज जास्त तोच बाहेर राहील.

हिशेबनीस

बॅच आणि फी एकाच गणिताचे दोन भाग आहेत, म्हणून एकत्रच मांडतो. आकडे उदाहरणादाखल, आपापले घालून बघा.

धरा, महिन्याला भाडं ९,०००, दोन अर्धवेळ शिक्षिका प्रत्येकी ८,०००, मदतनीस ४,०००, वीज आणि इंटरनेट १,५००, झेरॉक्स, मार्कर, कागद १,५००. झाले ३२,०००. वर्षाचे ३,८४,०००. खर्च बारा महिने असतो, फी मिळते दहा महिने. एप्रिलच्या परीक्षा संपल्या की मूल येत नाही आणि मे रिकामा जातो, भाडं मात्र चालू. म्हणजे फीच्या प्रत्येक महिन्यात ३८,४०० यायला हवेत, आणि यात चालवणाऱ्याचा स्वतःचा एक रुपयाही धरलेला नाही.

आता जागा. १० बाय १४ ची खोली म्हणजे १४० चौरस फूट, साधारण १३ चौरस मीटर. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात एका विद्यार्थ्यामागं किमान १ चौरस मीटर सांगितलंय. फळ्यासमोरची आणि दारापाशची जागा सोडली तर १२ मुलं नीट बसतात. दोन खोल्या, दोन वेळा: ४८ मुलं. भावंडांची सवलत, बुडालेली फी आणि दिवाळीनंतर सोडून गेलेली मुलं मिळून दहा टक्के धरले तर पूर्ण फी ४३ जणांची. ३८,४०० भागिले ४३ म्हणजे ८९३. तेव्हा ९०० रुपये फी लावून तुम्ही फक्त बरोबरीत आहात. शेजारचा ७०० घेतो म्हणून ७०० लावलीत तर पहिल्या दिवसापासून तोटा, आणि तो भरून काढायला एका खोलीत वीस मुलं बसवावी लागणार. क्लास बिघडतो तो इथून.

वसुलीसाठी: फी आगाऊ, महिन्याच्या पाच तारखेपर्यंत. पावतीपुस्तक दुहेरी, कार्बन घालून. यूपीआयनं पैसे येतात ते मामाच्या, काकाच्या, दुकानाच्या नावानं, म्हणून पाठवताना मुलाचं नाव आणि महिना लिहायलाच सांगा. स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे. खात्यात दिसल्यावरच पावती फाडा.

कागदपत्रं: मोजकेच कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, नोंदणी दाखला लागतो तो मोठ्या आस्थापनांना. व्यवसाय कर वर्षाला २,५००. जीएसटी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की, दर १८ टक्के. लहान क्लासनं त्याची धास्ती घेऊ नये, पण हिशेब लिहून ठेवावा.

तिकटी

पाच तारीख शहरात चालते. उचगाव, शिये, वडणग्याकडची पोरं असतील तर "उसाचं बिल आलं की एकदम देतो" हे ठरलेलं.

बावडेकर

तिकटी, ते खोटं नसतं हो. कारखाने दिवाळीच्या आगंमागं सुरू होतात, बिल त्यानंतर. त्या घराला जूनमध्ये वर्षाची फी मागणं चूकच आहे. त्यांना दोन हप्ते द्या, एक जूनला थोडा आणि मोठा जानेवारीत. ज्यांच्या घरी दूध आहे त्यांना बिल दर दहा दिवसांनी मिळतं, ते महिन्याला नियमित देऊ शकतात. नोकरदाराला पाच तारीख, दुकानदाराला पंधरा. प्रवेश अर्जातच 'फी भरण्याची सोयीची तारीख' असा रकाना ठेवला की पालक स्वतः तारीख लिहितो, आणि स्वतः लिहिलेली तारीख माणूस पाळतो. एकाच तारखेसाठी सगळ्यांच्या मागं लागण्यात शिक्षिकेचा वेळ जातो आणि मुलासमोर फीचा विषय निघतो. तो मुलासमोर कधीच काढू नये, मुलाच्या हातात चिठ्ठीही देऊ नये.

रंकाळाकाठ

बॅचबद्दल. तीन इयत्ता एकत्र बसवू नका, दोन चालतात. तिसरी-चौथी एक, पाचवी-सहावी एक, सातवी वेगळी. पहिली-दुसरीला नव्वद मिनिटं झेपत नाहीत, त्यांना साठच ठेवा आणि त्यातली वीस हातानं करायच्या कामाला. मणी, काड्या, अक्षरपट्ट्या.

दोन इयत्ता एका खोलीत चालवायची पद्धत: एका गटाला पंधरा मिनिटं शिकवायचं, तेव्हा दुसरा गट कार्डावर. मग अदलाबदल. कार्डं आधी तयार पाहिजेत. जाड कागदाच्या ए-५ आकाराच्या कार्डावर एकाच प्रकारची आठ गणितं, मागच्या बाजूला उत्तरं, कोपऱ्यात रंगाची खूण. मूल स्वतः सोडवतं, स्वतः तपासतं, आठपैकी सात बरोबर आली की पुढचं कार्ड. सलग दोन कार्डांवर पाचपेक्षा कमी आली तर शिक्षिकेकडं. वर्षाला एका विषयाची साठ-सत्तर कार्डं पुरतात, एकदा केली की तीन-चार वर्षं टिकतात. यात बारा मुलं असतील तर जमतं, अठरा झाली की कार्डावरचा गट गप्पा मारायला लागतो.

सीबीएसईची मुलं पाचवीपर्यंत गणितात मिसळली तरी चालतं, सहावीपासून धड्यांचा क्रम फारच वेगळा होतो.

आणि साडेचारची वेळ बदला. मूल शाळेतून थेट येतं, भुकेलं. पाचला सुरू करा, नाहीतर पहिली दहा मिनिटं डबा खायला द्या. भुकेल्या मुलाला भागाकार शिकवण्यात दोघांचीही ताकद वाया जाते.

रुईकर_कॉलनी

पाच वाजता ठेवलं तर रिक्षामामांचं काय? एक मामा चार शाळांची मुलं गोळा करतो आणि क्लासला सोडून परत फेरीला जातो.

रंकाळाकाठ

वेळापत्रक छापायच्या आधी मामांना विचारायचं. दोन-तीन मामा मिळून तुमची निम्मी मुलं आणत असतात, त्यांच्या फेरीच्या वेळेशी भांडून क्लास चालत नाही. मामांचे फोन नंबर आणि कुठलं मूल कोणाच्या रिक्षात, याची यादी दाराच्या आतल्या बाजूला लावा. सकाळची बॅच म्हणाल तर, फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयानं चौथीपर्यंतच्या वर्गांची शाळा नऊ किंवा त्यानंतर भरवायची आहे. तिथं सकाळी साडेसात ते साडेआठची लहान बॅच शक्य आहे, मुलं ताजी असतात. फक्त ज्यांची शाळा क्लासपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे त्यांनाच घ्या.

शिष्यवृत्ती_मित्र

आपल्या जिल्ह्यात शिष्यवृत्तीचा जोर आहे म्हणून सांगतो. ती बॅच नेहमीच्या वर्गात मिसळू नका. पेपर दोन, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. पहिल्यात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५०, दुसऱ्यात तृतीय भाषेचे २५ आणि बुद्धिमत्तेचे ५०. नव्वद मिनिटांत ७५ म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. मूल गणित येऊनही मागं पडतं ते इथं. नेहमीच्या वर्गात आपण पायऱ्या लिहायला शिकवतो, इथं कच्चं काम कडेला आणि उत्तर गोलात. दोन्ही सवयी एकाच तासात लावल्या तर मुलाचा गोंधळ होतो.

उत्तरपत्रिकेचा सराव दिवाळीपासूनच सुरू करा. गोल अर्धवट रंगवणं, एक ओळ सोडून रंगवत जाणं, या चुका ज्ञानाच्या नसतात पण गुण जातात. दर पाच प्रश्नांनंतर प्रश्न क्रमांक आणि गोलाचा क्रमांक जुळतोय का बघायची सवय लावा. आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असायचे आणि दोन्ही रंगवावे लागायचे, असं काही असेल तर ते मुलांना शेवटच्या महिन्यात सांगून उपयोग नाही.

नवोदयची परीक्षा वेगळी, ८० प्रश्न आणि दोन तास, त्यात निम्मे प्रश्न मानसिक क्षमतेचे. कागलच्या नवोदयसाठी तयारी करणारी मुलं दोन-चारच असतील तर स्वतंत्र बॅच परवडत नाही, त्यांना बुद्धिमत्तेच्या तासापुरतं शिष्यवृत्तीच्या मुलांत बसवा.

शाहूपुरी_गल्ली

जागेच्या सुरक्षेवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. सुरतेत मे २०१९ मध्ये क्लासच्या इमारतीला आग लागून २२ मुलं गेली. दिल्लीत जुलै २०२४ मध्ये तळघरात पाणी शिरून तिघं. लहान मुलांचा क्लास तळघरात नको, आणि एकच अरुंद लोखंडी जिना असलेल्या वरच्या मजल्यावर तर नकोच. जिन्यात चपलांचा ढीग लावू देऊ नका, मांडणी आत किंवा कडेला. प्रत्येक मजल्यावर एबीसी पावडरचं अग्निशामक नळकांडं, काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते महिन्याला बघायचं, वर्षाला तपासणी. खिडकीला पक्कं ग्रिल असेल तर एक तरी उघडणारं हवं, आणि त्याची किल्ली तिथंच अडकवलेली.

आपल्या गावाला पूरही आहे. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा व्हीनस कॉर्नर, कुंभार गल्ली, सुतारवाडा भागात पाणी आलं. तळमजल्यावर क्लास असेल तर कार्डं, वह्या, रजिस्टर वरच्या फळीवर, वीजबोर्ड कमरेच्या वर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी ३९ ला पोचलं की चिखली, आंबेवाडीकडच्या मुलांना त्या दिवशी बोलवायचंच नाही, असा नियम जूनमध्येच पालकांना लेखी द्या. ऐन पावसात निर्णय घ्यायला बसलं की अर्धी मुलं निघालेली असतात.

दाराला वरच्या भागात काच हवी, आतलं बाहेरून दिसावं. एका मुलासोबत एक मोठं माणूस बंद खोलीत नको, जादा तासालासुद्धा. मूल कोणाबरोबर जाणार ते अर्जात लिहिलेलं, आणि नवीन माणूस आला तर फोन केल्याशिवाय सोडायचं नाही. मुलानं काही वाईट सांगितलं तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे, "घरचा मामला" म्हणून दाबायचं नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर मुलांना दिसेल असा लावा.

पालक_दोन_मुलांचा

पालक म्हणून विचारतो. वर हिशेबनीस यांनी ज्या सूचना सांगितल्या, त्यात सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असंही आहे ना? मग हे सगळे क्लास बेकायदा?

हिशेबनीस

आहे तसं. पण त्या सूचना राज्यांसाठी आहेत, आणि कोचिंग सेंटरची त्यातली व्याख्या ५० हून जास्त विद्यार्थ्यांची आहे. गल्लीतल्या ४८ मुलांच्या शिकवणीला त्या उद्देशून नाहीत. तरी फी परतीचा त्यातला नियम लहान क्लासनंही पाळावा: मूल मध्येच सोडून गेलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत. तसं लिहून दिलेल्या क्लासला पालक वर्षाची फी एकरकमी द्यायला कचरत नाहीत.

शाळेतल्या शिक्षकाला संध्याकाळी क्लासवर ठेवायचा विचार असेल तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ बघा. शिक्षकानं खाजगी शिकवणी घ्यायला सरळ मनाई आहे.

तिकटी

शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की सातवीची बॅच निम्मी. गणपतीत तर विचारूच नका. त्याला काय कलम आहे?

बावडेकर

त्याला कॅलेंडर आहे 😀 गणपतीचे दहा दिवस, नवरात्र, जोतिबाची चैत्र यात्रा, हे सगळं जूनमध्येच सुट्टी किंवा 'उजळणी दिवस' म्हणून टाका. उजळणीच्या दिवशी नवीन काही शिकवायचं नाही, म्हणजे न आलेल्याचं बुडत नाही आणि आलेल्याचं वाया जात नाही. पेठेत राहून फुटबॉलशी भांडण मांडू नये.

कळंबा_रोड

शिक्षिका टिकत नाहीत त्याचं काय? डी.एड., बी.एड. झालेल्या मुली येतात, शिक्षक भरती निघाली किंवा लग्न ठरलं की जातात. नवीन येईपर्यंत बॅच विस्कटते.

गणितवेडी

त्या जाणारच, त्यांना नोकरी लागली तर आनंदच आहे. क्लास त्यांच्या डोक्यात राहू नये, वहीत राहावा. प्रत्येक मुलाचं एक पान: चाचणीत काय आलं, कुठल्या रंगाच्या कार्डावर आहे, मागच्या आठवड्यात कुठं अडलं. शुक्रवारी शेवटची पंधरा मिनिटं ही पानं भरायला द्या आणि त्याचा पगार धरा. पगाराशिवायचं लिखाण दोन आठवड्यांत बंद पडतं. नवीन शिक्षिकेला पहिला आठवडा नुसतं बसू द्या, दुसऱ्या आठवड्यात कार्डावरचा गट सांभाळू द्या, तिसऱ्यात शिकवू द्या. आणि जाताना पंधरा दिवस आधी सांगायचं, हे ठेवून घेतानाच ठरवा.

मंगळवारपेठकर

व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त अॅडमिनला लिहिता येईल असं ठेवा. मार्क ग्रुपवर टाकू नका, एकाचं पोर वर असलं की दुसऱ्याचं घरी मार खातं. मुलांचे फोटो टाकायचे असतील तर अर्जात लेखी परवानगी.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार, भरपूर मिळालं. ९०० चं गणित बघून फी वाढवावी लागणार हे स्पष्ट आहे. चाचणी आणि कार्डंही करणार. पण मूळ प्रश्नावर परत येते. मंगळवारपेठकर दादांची बैठक की गणितवेडी ताईंची वीस मिनिटं? आणि पालकाला दारात सांगायचं काय?

गणितवेडी

पालकाला चाचणीचा कागद दाखवा. "गृहपाठ घेत नाही" म्हणण्यापेक्षा "हे बघा, शून्य आलं की हातचा चुकतोय, दिवाळीपर्यंत हे दुरुस्त करते, मग गृहपाठ तो स्वतः करेल" हे पालकाला पटतं, कारण चूक त्याच्या डोळ्यांसमोर असते. दिवाळीला तीच चाचणी परत घ्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवा. डायरीत अपुऱ्या राहिलेल्या गृहपाठाखाली क्लासचा शिक्का मारून एक ओळ लिहा: "अमुक भाग समजला नाही, सराव चालू आहे." बहुतेक वर्गशिक्षिका ती ओळ वाचल्यावर मुलाला उभं करत नाहीत.

मंगळवारपेठकर

शिक्क्याची ओळ आवडली, त्यानं माझी निम्मी हरकत गेली. निम्मी अजून आहे. पहिली ते चौथीला वीस मिनिटं पुरतील. पाचवीपासून सेमीच्या पोराला विज्ञानाची प्रश्नोत्तरं घरी सांगणारं कोणी नसतं, तिथं बैठक लागणारच. कच्च्या मुलांबद्दल ताई म्हणतात ते खरं आहे, म्हणून नियम असा करा: चाचणीत दोन इयत्ता मागं असलेल्या मुलाला नुसत्या बैठकीत प्रवेश नाही. वर्ग आधी, आणि त्याला बैठक फुकट.

हिशेबनीस

फुकट देणार असाल तर खोली मोकळी पाहिजे. वर्ग पाचला सुरू केले तर दोन्ही खोल्या पाच ते आठ भरलेल्या आहेत. बैठक साडेतीन ते पाच अशी आधी ठेवता येते, कारण ती जागा नाहीतर रिकामीच असते. भाडं वाढत नाही, फक्त देखरेख करणारीचा पगार. तो महिन्याला ३,००० धरला तर बैठकीची फी ३०० ठेवून दहा मुलं लागतात, बाराच्या खोलीत दोन फुकटची त्यात मावतात. ही वेळ जमणार नाही ती शाळा पाचला सुटणाऱ्या मुलांना. त्यांच्यापुरती वीस मिनिटं ठेवा.

पाटीपेन्सिल

साडेतीनची वेळ जमेल, मुलांच्या दोन शाळा तीनला सुटतात. रिक्षामामांशी आजच बोलते. कार्डांचे रंग कसे लावायचे, रंकाळाकाठ? इयत्तेप्रमाणे की विषयाप्रमाणे?

रंकाळाकाठ

इयत्तेप्रमाणे अजिबात नको. पाचवीच्या मुलाच्या हातात तिसरीचा रंग दिसला की शेजारचा हसतो. कौशल्याप्रमाणे लावा: वजाबाकी निळा, गुणाकार पिवळा, अपूर्णांक हिरवा, आणि पातळी मागच्या बाजूला पेन्सिलनं बारीक आकड्यात. जाड कागद लक्ष्मीपुरीतून रीमनं घ्या, कापून ए-५ करून मिळतो. लॅमिनेशन करू नका, उजेडात चमकतं आणि त्यावर पेन्सिल चालत नाही.